रकाना नसलेली माणसं : आनंद पटवर्धन यांचे माहितीपट

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



सचिवांनी महिन्याभरापूर्वी फोन करून विषय विचारला. मी ‘माहितीपट’ म्हणालो. ते म्हणाले, ‘पर्यटनाचे का?’ मी म्हटलं, नाही, आनंद पटवर्धन. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘बोला, पण तुम्ही सरकारी नोकर आहात, सांभाळून बोला.’ म्हणून सुरुवातीलाच सांगतो. आज मी इथे खात्यातर्फे आलेलो नाही. पॉलिटेक्निकमधून स्थापत्यचा डिप्लोमा केलेला एक उपयंत्री आहे. सिनेमाचा अभ्यास माझा नाही. पण या माणसाच्या कामाने माझ्या नोकरीतली एक सवय बदलली. ती कशी, एवढंच मला सांगायचं आहे. ते सांगण्यासाठी आधी त्यांची ओळख करून द्यावी लागेल.

आनंद पटवर्धन यांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. घराणं मूळ अहमदनगरचं. त्यांचे काका अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन ही नावं आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नकोत. ४२च्या लढ्यात अच्युतराव भूमिगत राहिले आणि इंग्रज सरकारच्या हाती लागले नाहीत. आई निर्मलाताई सिंधमधल्या हैदराबादच्या. शांतिनिकेतनात शिकलेल्या आणि पुढे कुंभारकामात नाव मिळवलेल्या. म्हणजे सरकारशी भांडण हे या घरात बाहेरून आलेलं नव्हतं. फरक एवढाच, की काकांच्या वेळी सरकार परकं होतं आणि पुतण्याच्या वेळी आपलं.

एल्फिन्स्टन कॉलेजात पदवी घेऊन ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले. तेव्हा तिथे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. तेही उतरले. सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केलं. इथवरची गोष्ट परदेशात शिकलेल्या अनेक मुलांची असते. पुढची मात्र आपल्याकडची आहे. परत आल्यावर हा मुलगा मुंबईत थांबला नाही. तो आपल्या मध्य प्रदेशात, होशंगाबाद जिल्ह्यातल्या बनखेडीजवळ ‘किशोर भारती’ या संस्थेत कामाला आला. ही तीच संस्था, जिने १९७२ साली रसूलियाच्या मित्र मंडळासोबत होशंगाबाद विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. समोर बसलेल्यांपैकी काहींनी शाळेत ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तकं हाताळली असतील. प्रयोग करून बघा, मग लिहा, असं सांगणारी ती पुस्तकं. पटवर्धनांचे माहितीपट बघताना मला त्या पुस्तकांची आठवण येते. तेही आधी बघायला लावतात.

तिथून ते १९७४ साली बिहारमध्ये पोचले. जयप्रकाशजींचं आंदोलन भरात होतं. ४ नोव्हेंबरच्या पाटण्याच्या मोर्च्याचं चित्रण त्यांनी एका मित्राच्या मदतीने सुपर-८ कॅमेऱ्यावर केलं. सुपर-८ म्हणजे घरातल्या मुंजी-लग्नाचं चित्रण करायचा छोटा कॅमेरा. त्याची फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवता येत नाही. मग त्यांनी ते चित्रण पडद्यावर टाकलं आणि पडद्यासमोर १६ मि.मी.चा कॅमेरा लावून ते पुन्हा चित्रित केलं. आपल्याकडे साइटवर सामान नसलं की मिस्त्री जसा मार्ग काढतो, तसाच हा प्रकार. त्यातून ‘क्रांती की तरंगें’ तयार झाला. १९७५च्या जूनमध्ये आणीबाणी आली आणि ती फिल्म जवळ बाळगणंही धोक्याचं झालं. तिचे तुकडे करून ते वेगवेगळ्या माणसांबरोबर देशाबाहेर पाठवले गेले. पुढे पटवर्धन शिकायला कॅनडात गेले, तेव्हा तिथे ते जोडले. मॅकगिल विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला तोही अशाच गनिमी काव्याच्या, भूमिगत चित्रपटांवर. गनिमी कावा म्हटल्यावर आपल्याला आणखी काही समजावून सांगायची गरज नाही.

आणीबाणी उठल्यावर त्यांनी राजकीय कैद्यांवर ‘जमीर के बंदी’ केला. कॅनडातल्या पंजाबी शेतमजुरांवरही एक माहितीपट केला. त्यावर मी जास्त बोलत नाही. मला थांबायचं आहे ते १९८५च्या ‘हमारा शहर’पाशी.

हा मुंबईच्या फूटपाथवर आणि झोपड्यांमध्ये राहणाऱ्यांचा माहितीपट आहे. महापालिकेची गाडी येते, झोपड्या पडतात, माणसं पुन्हा बांबू उभे करतात. दुसरीकडे चांगल्या घरांत बसलेली, सुशिक्षित मंडळी शहर कसं घाण होतंय यावर बोलतात. ही पाडणारी मंडळी कोण? माझ्यासारखेच लोक. हातात यादी, वरून आदेश, संध्याकाळपर्यंत काम पुरं करायचं. त्यांच्याकडे बघताना मला राग आला नाही, ओळख पटली.

या माहितीपटात एक प्रसंग आहे. झोपडी पाडली गेलेली एक बाई कॅमेऱ्याकडे बघून पटवर्धनांनाच सुनावते. तुम्ही फोटो काढाल, नाव कमवाल, आमचं काय होणार, असा तिचा रोख आहे. कुठलाही दिग्दर्शक हा तुकडा सहज कापू शकला असता. पटवर्धनांनी तो ठेवला. आपल्याविरुद्धची साक्ष आपणच नोंदवून ठेवली.

आणि नुसती नोंदवून थांबले नाहीत. या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८६ साली नरिमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर ही झोपडपट्टी पाडली गेली. तेव्हा शबाना आझमी आणि तिथल्या रहिवाशांबरोबर पटवर्धन उपोषणाला बसले. त्या लोकांना शेवटी गोरेगावला पर्यायी जागा मिळाली. त्या बाईने विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर हे नाही. पण प्रश्न ऐकून घेऊन तो माणूस घरी निघून गेला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता माझी गोष्ट सांगतो. ती मोठी नाही.

नोकरीतली माझी पहिली काही वर्षं निमाडात गेली. सरदार सरोवराच्या डुबेत येणाऱ्या गावांमध्ये घरांची मापं घ्यायचं काम आमच्याकडे होतं. त्या धरणाच्या डुबेत तिन्ही राज्यांची मिळून २४५ गावं येत होती. त्यातली सर्वात जास्त, १९३, आपल्या मध्य प्रदेशातली. काम साधं होतं. टेप धरायला एक माणूस, सोबत पटवारी, आणि माझ्या हातात छापील फॉर्म. भिंत कच्ची की पक्की, छप्पर कवेलूचं की पत्र्याचं, लांबी-रुंदी, दारं-खिडक्या. कुटुंबप्रमुखाचं नाव, अंगठा किंवा सही.

एका संध्याकाळी दिवसातलं शेवटचं घर राहिलं होतं. प्रकाश जात होता. घराच्या मागे एक स्वतंत्र खोली होती. मातीच्या भिंती, अर्ध्या भागात बैल बांधलेले. माझ्या माणसाने सांगितलं, गोठा आहे साहेब. मी गोठा लिहिलं. घरातल्या म्हाताऱ्या आजी पुढे आल्या आणि निमाडीत सांगू लागल्या की उरलेल्या अर्ध्या भागात त्यांची विधवा सून राहते, तिची चूल वेगळी आहे, ते घर आहे, गोठा नव्हे. मी आत डोकावलो. चूल होती. कोनाड्यात देव होते. मी म्हणालो, आजी, फेरतपासणी होईल, तेव्हा दुरुस्त करू. त्या म्हणाल्या, तू लिहून नेशील, तुझं काम होईल, तुला बढती मिळेल, पण आमचं जे लिहिलं गेलं तेच खरं ठरणार.

मी सही घेतली आणि जीपमध्ये बसलो. फेरतपासणी त्या घराची झाली नाही. पुढे मी एक टीप वर पाठवली, तिचं उत्तर आलं नाही. मीही पाठपुरावा केला नाही. खोटं मी लिहिलं नव्हतं. अर्ध्या खोलीत खरोखर बैल होते. पण माझ्या फॉर्ममध्ये त्या सुनेला रकाना नव्हता, आणि रकाना नाही म्हणून मी माणूसच सोडून दिलं.

साधारण सहा-आठ महिन्यांनी तालुक्याच्या गावी एका शिक्षकमित्राच्या घरी टीव्हीवर ‘हमारा शहर’ बघितला. मित्राने सीडी आणली होती. आम्ही जेवत जेवत बघत होतो. ती फूटपाथवरची बाई बोलायला लागली आणि माझा हात थांबला. शब्द वेगळे, भाषा वेगळी, पण प्रश्न आजींचाच होता.

मग मी मित्राला विचारलं, या माणसाचं आणखी काही आहे का. त्याने ‘अ नर्मदा डायरी’ आणून दिला. तो १९९५चा. सीमंतिनी धुरू आणि पटवर्धन या दोघांनी मिळून केलेला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची नर्मदा खोऱ्यातली वर्षं त्यात आहेत. महाराष्ट्रातलं मणिबेली, मोर्चे, लाठ्या, मेधाताई, होळीला नाचणारे आदिवासी. ज्या नदीच्या काठी मी दुर्बीण लावून लेव्हल घेत होतो, त्याच नदीकाठची माणसं मी पहिल्यांदा नीट बघितली. आमच्या नकाशावर पाण्याची रेषा असते. अमुक मीटरच्या खाली ते डुबेत, वर ते बाहेर. त्या रेषेखाली लोक लग्नं करतात, भांडतात, गातात, हे नकाशात दिसत नाही. ते दाखवायला डायरीच लागते.

मी धरणविरोधी आहे, असा याचा अर्थ काढू नका. आपल्या शहरातल्या नळाला येणारं पाणी नर्मदेचंच आहे. ते सरदार सरोवरातून येत नाही, जलूदहून उचललं जातं, पण नदी तीच. मी पाण्याच्या योजनांवर काम केलं आहे आणि नळाला पहिलं पाणी आल्यावर बायकांचे चेहरे कसे होतात ते बघितलं आहे. धरण बांधावं की नाही यावर माझं आणि पटवर्धनांचं कदाचित जमणार नाही. पण बांधायचं असेल तर कोणाच्या घरावरून पाणी जाणार आहे, त्याची नोंद खरी असली पाहिजे, यावर आमचं भांडण नाही.

आता आपल्या जवळचा आणखी एक विषय. गणेशोत्सवात पूर्वी मेळे असत, शाहीर असत. महाराष्ट्रात आंबेडकरी जलशांची परंपरा होती. शाहीर विलास घोगरे हे त्या परंपरेतले. ‘हमारा शहर’मध्ये त्यांचं गाणं आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला आणि १० माणसं गेली. चार दिवसांनी विलास घोगरे यांनी गळफास घेतला. आयुष्यभर डाव्या चळवळीत गायलेल्या या माणसाने जाताना डोक्याला निळी पट्टी बांधली होती.

पटवर्धनांनी कॅमेरा हातात घेतला आणि १४ वर्षं तो खाली ठेवला नाही. खटला चालला, साक्षी झाल्या, निवडणुका झाल्या, नवे शाहीर आले, हे सगळं नोंदवत राहिले. २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला. लांबी तीन तासांच्या वर. पुढच्या जानेवारीत मुंबईत तो पहिल्यांदा दाखवला कुठे? भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत, ज्या लोकांबद्दल तो आहे त्यांच्यासमोर. ज्यांची नोंद घेतली त्यांना ती आधी वाचून दाखवायची, हा त्याचा अर्थ. १४ वर्षं म्हणजे माझ्यासारख्या कर्मचाऱ्याच्या चार-पाच बदल्या. फाइल कोणाकडे होती हेसुद्धा तोवर सापडत नाही. हा माणूस एका फाइलपाशी १४ वर्षं बसून राहिला.

लोकांना वाटतं, असा माणूस म्हणजे कायदा मोडणारा. माझा अनुभव उलटा आहे. मी त्यांच्या खटल्यांबद्दल वाचलं तेव्हा थक्क झालो. त्यांचे माहितीपट राष्ट्रीय पुरस्कार मिळवत आणि दूरदर्शन ते दाखवायला नकार देई. मग हे न्यायालयात जात. ‘हमारा शहर’, ‘राम के नाम’ हे माहितीपट दूरदर्शनवर आले ते न्यायालयाच्या आदेशानंतर. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’चं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. अण्वस्त्रांवरच्या ‘जंग और अमन’मध्ये सेन्सॉर बोर्डाने २१ ठिकाणी कात्री सुचवली. त्यांनी एकही मान्य केली नाही. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो न कापता दाखवायला परवानगी दिली. हा सरकारशी लढा आहे खरा. पण लढण्याचं हत्यार सरकारचंच आहे, म्हणजे संविधान. आम्हा कर्मचाऱ्यांनाही नोकरीत त्याच संविधानाला बांधील राहायचं असतं. त्यातलं एकोणिसावं कलम प्रत्यक्षात वापरून दाखवणारी माणसं थोडी.

‘राम के नाम’चं नाव घेतलं की आपल्याच घराघरांत दोन बाजू पडतात, हे मला ठाऊक आहे. माझ्या घरीही पडतात. माझे वडील तो माहितीपट अर्ध्यावर सोडून उठले होते. तो पूर्ण झाला तेव्हा बाबरी मशीद उभी होती. त्यात अयोध्येतल्या त्या मंदिराचे न्यायालयाने नेमलेले पुजारी लालदास बोलतात. भगवी वस्त्रं घातलेला, रामाची रोज पूजा करणारा हा माणूस शांतपणे सांगतो की या साऱ्यात देवाचं काही नाही, राजकारण आहे. पुढे, १९९३ साली, त्यांचा खून झाला. वडिलांना मी एवढंच म्हटलं, तुम्हाला पटवर्धन पटत नसतील तर सोडा, पण या पुजारीबुवांचं बोलणं तरी पुरं ऐका. काही दिवसांनी त्यांनी ते ऐकलं. मत बदललं नाही. पण जेवताना म्हणाले, माणूस खरा बोलत होता.

पटवर्धनांवर टीका होते, ती मी लपवत नाही. ते बाजू घेतात. त्यांच्या प्रश्नात कधी कधी उत्तर आधीच असतं. समोरच्या बाजूचा शहाणा माणूस त्यांच्या कॅमेऱ्यासमोर फारसा येत नाही, असं मलाही काही ठिकाणी वाटलं. त्यांची बाजू मात्र लपलेली नसते. कॅमेरा बहुतेक वेळा त्यांच्याच खांद्यावर असतो, प्रश्न त्यांच्याच आवाजात ऐकू येतात. कोण विचारतोय हे तुम्हाला कळतं. मी ‘गोठा’ लिहिलं तेव्हा ते कोणी ठरवलं हे फॉर्मवर कुठेच दिसत नव्हतं. तो फॉर्म निःपक्ष दिसत होता, पण तो नव्हता.

२०१८ साली त्यांनी ‘विवेक’ केला. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या हत्यांभोवतीचा. ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट ठरला. त्यानंतर २०२३ साली ‘वसुधैव कुटुंबकम्’ आला. तो त्यांच्या आई-वडिलांवर आहे. म्हातारे आई-वडील घरात बसून जुन्या गोष्टी सांगतात, एकमेकांच्या चुका काढतात, हसतात. वर्षानुवर्षं घरातल्या घरात केलेलं चित्रण. ज्यांना राजकारण नको वाटतं त्यांनी इथून सुरुवात करावी. बघता बघता स्वातंत्र्यलढा आणि फाळणी कधी आत येतात ते कळत नाही.

आता शेवटचं. सुरुवातीला म्हणालो की माझी एक सवय बदलली. त्या संध्याकाळनंतर, ‘हमारा शहर’ बघितल्यानंतर, मी कोणाच्याही घराची, शेताची, विहिरीची नोंद केली की सही घेण्याआधी ती त्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवतो. तो म्हणाला चूक आहे, तर तिथेच शेरा लिहितो. रकाना नसेल तर कागदाच्या मागच्या बाजूला लिहितो. वेळ जातो. वरिष्ठ कधी कधी रागावतात. सहकारी गमतीने म्हणतात, साहेब कथा वाचायला बसले. पण त्या मागच्या बाजूच्या शेऱ्यांमुळे पुढे दोन-तीन लोकांचं काम झालं आहे, एवढं मला ठाऊक आहे.

त्या आजींचं काम मात्र झालं नाही. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले, २०१९ साली धरण काठोकाठ भरलं. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होतो. एका रविवारी मोटरसायकलवर तिकडे गेलो. गावाच्या वरच्या अंगाचं एक देऊळ पाण्यात अर्धं उभं होतं. खाली, जिथे ती खोली होती, तिथे पाणीच होतं. कुटुंब कुठे गेलं ते विचारलं. दोघांनी दोन वेगवेगळी गावं सांगितली. दोन्हीकडे जाऊन आलो. सापडलं नाही.

मंडळाला माझी एक विनंती आहे. या दहा दिवसांत आपण नाटक करतो, भावगीतं ठेवतो, पाककृती स्पर्धा होते. एक संध्याकाळ माहितीपटाला द्या. कुठला ते तुम्ही ठरवा, पटवर्धनांचाच हवा असं नाही. पण तो बघून झाल्यावर अर्धा तास बोलायला ठेवा आणि ज्यांना पटला नाही त्यांना आधी बोलू द्या. प्रोजेक्टर मी आणतो, खुर्च्याही लावतो.

  गणपती बाप्पा मोरया!